खाऱ्या हवेतला बोर्ड आणि कीकॅडकडून अपेक्षा

गेल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याजवळच्या एका पोफळीच्या बागेतून मी बनवलेला पंप कंट्रोलर परत आला. बागायतदार काकांची तक्रार एका वाक्याची होती : “पाऊस लागलो काय तुझो डबो घरातली लाईट घालवता, रे.” डबा उघडून भिंग लावले, तेव्हा रिलेच्या, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या, घरची वीज येणाऱ्या कॉमन पिनपासून चुंबकाच्या कॉइलच्या पिनपर्यंत, सोल्डर मास्कवरून (बोर्डावरच्या रंगीत संरक्षक थरावरून), पानाच्या शिरेसारखी तपकिरी-काळी रेघ गेलेली दिसली. मिठाचा पातळ थर हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यातून बारीक प्रवाह वाहू लागतो आणि पृष्ठभाग जळत जळत कोळशाची वाट तयार होते. कॉइलच्या बाजूचा ग्राउंड टाकीतल्या लेव्हल प्रोबला (पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सळीला) जोडलेला असल्यामुळे या गळतीला पाण्यातून जमिनीपर्यंत रस्ता मिळाला होता. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडत होता, हे नशीबच म्हणायचे.

चूक माझीच होती. परंतु डीआरसीने (बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधल्या नियमतपासणीने) त्या बोर्डात एकही दोष दाखवला नव्हता, हेही खरे. 1992 साली ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलेले आणि 2013 पासून सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या सहभागाने झपाट्याने सुधारलेले कीकॅड हे सर्किट बोर्ड आखण्याचे मुक्त सॉफ्टवेअर मी रोज वापरतो, आणि त्याच्याविषयी कृतज्ञता आहे म्हणूनच हे लिहीत आहे.

क्लिअरन्स म्हणजे दोन वाहकांमधले हवेतून मोजलेले अंतर आणि क्रीपेज म्हणजे पृष्ठभागावरून सरपटत जाताना पडणारे अंतर. आयईसी 60664-1 या मानकात 250 व्होल्टसाठी, साहित्य गट 3 (पृष्ठभागावरच्या गळतीला कमी दाद न देणारे नव्हे, तर लवकर बळी पडणारे साहित्य) धरल्यास, प्रदूषण श्रेणी (आसपासची धूळ आणि ओलावा किती, याची पायरी) 2 मध्ये 2.5 मिलिमीटर आणि श्रेणी 3 मध्ये 4 मिलिमीटर क्रीपेज सांगितले आहे, आणि प्रबलित (दुहेरी संरक्षणाच्या तोडीचे) इन्सुलेशन हवे असेल तर ते दुप्पट धरावे लागते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या चौकोनी रिलेत कॉमनची पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध येते. केंद्रापासून केंद्रापर्यंत जेमतेम सव्वासहा मिलिमीटर असतात. त्यातून 3 मिलिमीटरचे पॅड (पिन सोल्डर करायची तांब्याची चकती) वजा केले की सव्वातीनच उरतात. कोरड्या खोलीत हे अंतर वर्षानुवर्षे तग धरेल, परंतु जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथे श्रेणी 2 धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत क्रीपेजची तपासणी अखेर आली आणि दोन पॅडांच्या मधे बोर्डात कापलेली खाचही ती हिशेबात घेते. मात्र त्या आवृत्तीत हा नियम कंसांनी भरलेल्या मजकुराच्या रूपात हाताने लिहावा लागतो, आणि 4 हा आकडा कुठून आणायचा हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच तो लिहिता येतो. मला हवे आहे ते असे : नेट क्लासच्या (एकसारख्या जोडण्यांच्या गटांच्या) तक्त्यात व्होल्टेज, प्रदूषण श्रेणी आणि बोर्डाचे साहित्य एवढे भरले की अंतर सॉफ्टवेअरने स्वतः काढावे, आणि ट्रॅक (तांब्याची रेघ) ओढत असतानाच, जसे क्लिअरन्सचे कडे ट्रॅकभोवती दिसते तसे, क्रीपेजचेही दिसावे. सगळा बोर्ड काढून झाल्यावर डीआरसीत वीस त्रुटी दिसल्या की माणूस नियम सैल करतो. मीही केला आहे. खाचेचेही तसेच. श्रेणी 3 मध्ये 1.5 मिलिमीटरपेक्षा अरुंद खाच साधारणपणे मोजायचीच नसते, त्यामुळे श्रेणी निवडली की तो नियम आपोआप लागू व्हायला हवा.

दुसरी उणीव संरक्षक लेपाची. किनाऱ्यावर लावायच्या बोर्डावर लाखेसारखा लेप द्यावाच लागतो, आणि तो कनेक्टरच्या पिनांवर गेला तर जोडणीच होत नाही. मी वापरकर्त्यासाठी राखलेला एक थर घेऊन त्यावर लेपाची हद्द आखतो; पण कीकॅडच्या लेखी ते नुसते चित्र आहे. ही हद्द टर्मिनलच्या पॅडवरून जात असेल तर डीआरसीने अडवले पाहिजे.

देवनागरीविषयी थोडेसेच. सातव्या आवृत्तीपासून संगणकावरचे फाँट वापरता येतात, त्यामुळे टर्मिनलशेजारी ‘विहीर’ आणि ‘टाकी’ छापता येते. परंतु अशा फाँटच्या रेषेची जाडी हवी तशी वाढवता येत नाही, आणि दीड मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत वेलांटीचा वरचा वळसा सिल्कस्क्रीनवर (बोर्डावरच्या छपाईत) उमटतच नाही. एकाच जाडीच्या रेषेने काढलेला साधा देवनागरी फाँट सोबत मिळाला, तर काकांना वायर जोडताना मला फोन करावा लागणार नाही.

नवा बोर्ड मी गणपतीआधी बसवून दिला. त्यात रिले बदलली, कॉइलच्या बाजूला 8 मिलिमीटर सोडले आणि मधे 2 मिलिमीटरची खाच कापून घेतली. कीकॅडच्या गिटलॅबवर (सूचना आणि त्रुटी नोंदवायच्या संकेतस्थळावर) टाकण्यासाठी त्या जळक्या रेघेचा फोटो काढून ठेवला आहे. त्यासोबत द्यायचा तक्ता अजून अर्धाच झाला आहे.