आमची वाटचाल : कोयत्यापासून चापापर्यंत

कुडाळात आमच्या दुकानाला जुनी माणसं अजून ‘लोहाराचं’ म्हणतात. पाटीवर ‘शस्त्रविक्री व दुरुस्ती’ लिहिलं आहे, पण आम्हाला ते जुनंच नाव आवडतं, कारण सुरुवात भात्यापासून झाली. आजोबा कोयते, विळे, कुदळी, नांगराचे फाळ करायचे. मिरगाच्या आधी त्यांच्या दारात रांग लागायची. त्या रांगेत एखादा शेतकरी गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक घेऊन यायचा आणि आजोबा त्याला हात जोडून परत पाठवायचे. कोयत्याला पाणी द्यायला परवाना लागत नाही, बंदुकीला हात लावायला लागतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बनवणं आणि विकणं यांच्या जोडीला दुरुस्तीही आहे. आजोबांना कायद्याचं कलम ठाऊक नव्हतं, पण ही गोष्ट पक्की ठाऊक होती.

बाबांनी आयटीआयला फिटरचं शिक्षण घेतलं, काही वर्षं मुंबईच्या कारखान्यात काढली आणि 1974 साली ते परत आले. डोक्यात एकच होतं, की आजोबांनी परत पाठवलेली ती माणसं आता परत जाता कामा नयेत. कागदपत्रं, चौकशा, कपाटाची आणि भिंतींची पाहणी असं सगळं होऊन परवाना हातात यायला दोन वर्षं गेली. तेवढा काळ त्यांनी पंपाचे शाफ्ट आणि भातगिरणीचे पट्टे दुरुस्त करून घर चालवलं.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते ती बहुतेक एकनळी ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गच्च बोळा, गरज असेल तर छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. मागे निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या भोक असलेल्या बोंडीवर, आपटलं की पेटणारी टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. रायफलीसारखे आटे या नळीला नसतात, ती आतून गुळगुळीत असते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बंदुका बिहारातल्या मुंगेरच्या आहेत, काहींवर तिसरी पिढी हात ठेवून आहे. रानडुकराला मारायचं तर वन खात्याची परवानगी लागते, त्यामुळे आमची बहुतेक गिऱ्हाइकं छर्रे भरतच नाहीत. भातात डुकरं उतरली किंवा काजूत माकडं आली की नुसत्या दारूचा बार काढायचा.

अशा बंदुकीत सगळ्यात आधी काय बिघडतं? लोक नळी म्हणतात, निपल म्हणतात. पन्नास वर्षांची वही बघून मी सांगतो, चाप, म्हणजे बार काढायला बोटाने ओढतो तो. नळीला तेल लागतं, लाकडी दस्त्याला हात फिरतो, पण चापाचा वरचा भाग लाकडाच्या खाचेत दडलेला असतो. तिकडे कुणी बघत नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या दमटपणात लाकूड फुगतं, खिळ्याचं भोक लांबट होतं, चाप डुलायला लागतो, आणि मग मालक म्हणतो की बंदूक ‘म्हातारी’ झाली.

मी बाबांच्या हाताखाली आलो तेव्हा मला घाई होती. 1996 च्या पावसाळ्यात माणगाव खोऱ्यातले एक गृहस्थ बंदूक घेऊन आले. चाप इतका जड होता की दोन बोटांनी ओढावा लागायचा. बाबा बाहेरगावी होते. मी कुलूप उघडलं. बंदुकीच्या आतल्या यंत्राला आम्ही कुलूपच म्हणतो. घोड्याच्या आतल्या अंगाला टम्बलर नावाची फिरती चकती असते आणि तिला दोन खाचा असतात, एक अर्ध्या चढवलेल्या घोड्याची आणि एक पूर्ण चढवलेल्या घोड्याची. सिअर म्हणजे चापाने सुटणारी अडकण. तिची चोच त्या खाचेत अडकते आणि घोडा थांबतो. मी पूर्ण घोड्याची खाच कानशीने थोडी उथळ केली. चाप लोण्यासारखा झाला. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, मीही खूश.

तीन आठवड्यांनी ते परत आले. बांधावरून चालताना पाय घसरला, बंदूक खांद्यावर होती, घोडा चढवलेला होता, आणि चापाला बोट लागलेलं नसताना बार उडाला. नळी वर होती म्हणून कुणाला काही झालं नाही. सोबत त्यांचा बारा वर्षांचा मुलगा होता. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, आणि तो शांतपणा मला अजून आठवतो.

बाबांनी पैसे परत केले, नवा टम्बलर घातला आणि माझ्यासमोर ती बंदूक पुन्हा पहिल्यापासून तपासली. तेव्हा कळलं की खाचेत मुळात काही दोषच नव्हता. दस्ता फुगून चापाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी दाबत होता, आणि कुणीतरी पूर्वी चापाचा खिळा चुकीच्या जागी ठोकला होता. बाबांनी पाटीवर काढून दाखवलं. चाप म्हणजे तरफ. खिळ्यापासून बोटाचं अंतर तीस मिलिमीटर आणि खिळ्यापासून सिअरला टेकतो तिथपर्यंतचं पंधरा असेल, तर सिअरला लागणाऱ्या जोराच्या निम्मा जोर बोटाला लावावा लागतो. तेच पंधराचं दहा केलं तर एक तृतीयांश. चाप थोडा जास्त मागे यावा लागतो, पण हलका होतो, आणि खाचेला हात लावावा लागत नाही. त्या दिवसापासून दुकानाचा नियम आहे की टम्बलरच्या खाचेला कानस लावून चाप हलका करायचा नाही. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी नाही. अर्ध्या घोड्यावर चाप पूर्ण ताकदीने ओढून बघितल्याशिवाय बंदूक दुकानाबाहेर जात नाही. पूर्ण घोड्यावर ओढ काट्याने मोजतो आणि दोन किलोच्या खाली येऊ देत नाही.

मी कानस लावलेला तो टम्बलर माझ्या वाइसच्या, म्हणजे शिकंज्याच्या, वरच्या फळीवर खिळ्याला टांगलेला आहे.

आता चापाच्या कामाबद्दल, कारण फोनवर सगळ्यात जास्त तेच विचारतात. जुना चाप आला की आधी धातू ओळखायचा. कोपऱ्यात ग्राइंडरला जरा टेकवला की ठिणगी सांगते. साध्या पोलादाची ठिणगी लांब आणि पिवळसर, बिडाची आखूड आणि तांबूस. बिडाचा चाप वाकवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही, तो तुटतोच. पोलादाचा असला तरी थंड वाकवायचा नाही. नेमकं वळणावर, जिथे तो सगळ्यात पातळ असतो, तिथे चीर जाते. भट्टीत लालभडक करायचा, दोनदा-तीनदा हलके ठोके द्यायचे, काळा पडायला लागला की थांबायचं आणि पुन्हा आत घालायचा. हे धैर्य मला भात्यापुढे बसून आलं, आयटीआयत नाही.

झिजलेला माथा भरायचा असेल तर गॅस वेल्डिंगने पोलादाची भर घालतो आणि कानशीने उतरवतो. खिळ्याचं भोक लांबट झालं असेल तर ते पितळी डागाने भरून बाजूला नव्याने पाडतो. दस्त्यातलं भोक त्याच लाकडाच्या खुंटीने बुजवतो. मग येतो आमचा सगळ्यात जुना उपाय, दिव्याची काजळी. चाप ज्योतीवर धरून काळा करायचा, दस्त्यात बसवायचा, पाच-सहा वेळा ओढायचा आणि काढायचा. जिथे काजळी पुसली गेली तिथेच तो घासतोय. तेवढंच लाकूड किंवा तेवढाच धातू उतरवायचा. असं दहा-दहा वेळा करावं लागतं. घाई करणाऱ्याने लाकडातली खाच मोठी केली की चाप खुळखुळ्यासारखा वाजतो, आणि मग त्याला मागून पातळ पट्टीची कमान लावून गप्प करावं लागतं.

शेवटी पाणी देणं. साध्या पोलादात कार्बन कमी, नुसतं तापवून पाण्यात बुडवलं तर ते कठीण होत नाही. म्हणून लोखंडी डबीत कातड्याचा आणि हाडांचा कोळसा भरून त्यात चाप पुरतो, झाकण मातीने लिंपतो आणि डबी तासभर लाल ठेवतो. कार्बन वरच्या सालीत मुरतो. मग पाण्यात. वरची साल काचेसारखी आणि पोट मऊ, म्हणजे झिजतही नाही आणि मोडतही नाही. आजोबा लोखंडावर असंच कातडं जाळून पाणी चढवायचे.

नवा चाप घालणं स्वस्त पडतं, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. तरी लोक जुनाच दुरुस्त करून मागतात. दोडामार्गाकडचे एक काका आहेत, कोयत्याने उजव्या हाताच्या तर्जनीचं पुढचं पेर गेलेलं. मधल्या बोटाने ओढायची सवय केली, पण चाप हुकायचा. मी नवा, रुंद चाप दाखवला. त्यांनी हात मागे घेतला. “नवो नको. बापाशीचो आसा तो. ह्योच बरो कर.” आम्ही तोच चाप तापवून पुढे आणला, वळण वाढवलं आणि टोकाला पोलादाची भर घालून तो मधल्या बोटाच्या पेरात बसेल एवढा रुंद केला. चार फेऱ्या माराव्या लागल्या त्यांना, एसटीने. चौथ्या खेपेला त्यांनी रिकाम्या बंदुकीचा चाप डोळे मिटून ओढून बघितला आणि काही न बोलता पिशवीतून काजूगर काढून टेबलावर ठेवले.

2016 चे नवे शस्त्र नियम आले तेव्हा आमच्याकडे रजिस्टरं वाढली. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, त्यातून शेतकऱ्यांच्या खेपा कमी झाल्या, हे चांगलंच झालं. पण 2024 ने आमची परीक्षा घेतली. लोकसभेचं मतदान 7 मे, विधानसभेचं 20 नोव्हेंबर. निवडणुकीसाठी एकदा ऐन काजूच्या हंगामात आणि एकदा भातकापणीत परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागल्या. सूट मिळाली ते थोडेच. कायद्याने ठेव परवानाधारक दुकानातही घेता येते, म्हणून आमच्या कपाटात जागा उरली नव्हती. एका ठिकाणी मात्र बंदुका ओल्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. डिसेंबरात त्यातल्या अकरा माझ्याकडे आल्या आणि अकराच्या अकरांचे चाप गंजून खाचेत बसले होते. माणसाने पिढ्यान्पिढ्या सांभाळलेली वस्तू महिनाभर नीट कोरडी ठेवणं इतकं अवघड नसावं, हे मला मनापासून वाटतं. आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक बंदूक आम्ही आठवड्याला एकदा तेलाच्या फडक्याने पुसली आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

माझी मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गेल्या वर्षी दुकानात आली. मी तिला पहिले चार महिने बंदूक दिली नाही. पत्र्याच्या डब्यातले मोडके चाप दिले, दोनशेच्या वर आहेत, आणि चपटी कानस दिली. पृष्ठभाग सपाट झाला की गुण्याने, म्हणजे काटकोनी पट्टीने, तपासायचा, उजेड दिसला की पुन्हा. सुरुवातीला ती चिडायची. आता माझ्या कानशीचा आवाज ऐकूनच सांगते, “बाबा, दाब डावीकडे जातोय.”

या आठवड्यात वाइसवर माणगाव खोऱ्यातल्या त्याच घराची बंदूक आहे. तेव्हाचा बारा वर्षांचा मुलगा ती घेऊन आला, आता त्याच्या नावावर परवाना आहे. चाप डुलतोय, खिळ्याचं भोक गेलंय. काजळी मुलीने धरली आहे.