वेसाव्याची सकाळ

आज आम्ही सहा जण कॅमेरे घेऊन पहाटेच मुंबईच्या वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यात. दोन दिवसांच्या फोटोग्राफी शिबिराचा हा पहिला दिवस. शिकवणाऱ्या दादांनी आधीच बजावलं होतं, विचारल्याशिवाय कोणाच्या तोंडावर लेन्स रोखायची नाही. सूर्य इथे शहराच्या बाजूने उगवतो, त्यामुळे समुद्राकडे पाठ केली की सगळं काळं. हे कळेपर्यंत माझे चाळीसेक फोटो वाया गेले.

मग वलांड्यांपाशी, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूच्या चौकटींपाशी गेलो. बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींना विचारलं, "फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ गं, पण आधी हे दोन लटकव." एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दिसायला सोपं. माझी जोडी तीनदा वाळूत पडली! मावशी पोट धरून हसल्या, आणि मी कॅमेरा गळ्यातच विसरले.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा काय करता, असं विचारलं. "जाळी शिवतो, उधारी मोजतो."

दुपारी खाडीपलीकडच्या मढला जाणाऱ्या फेरीबोटीत बसून फोटो चाळले. मावशींचा एकही नाही. हाताला मात्र अजून वास येतोय, तीनदा साबण लावूनसुद्धा. उद्या परत जायचंय. कुठला साबण घ्यावा, टीप द्याल का?