एवढं मोठं दुकान, आणि डाळ नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगावात आमच्या मॉलच्या किराणा विभागात हा प्रश्न नेहमीचाच, पण कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, आदल्या दिवशी त्याला धार चढते. नैवेद्याच्या रोटांच्या पुरणाला हरभऱ्याची डाळ हवी आणि आमचं खोकं रिकामं. "इतलं मोठं दुकान नि दाय नई का रे भाऊ?" एका आजींनी असं विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि मागे रांग होती.

डाळ मी मागवत नाही. हेड ऑफिसचा कॉम्प्युटर मागवतो. गेल्या वर्षी याच आठवड्यात काय खपलं ते बघून तो माल पाठवतो. आता नागपंचमी २०२२ साली २ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे २१ ऑगस्टला गेली, २०२४ साली परत ९ ऑगस्टला आली. कानबाई बसते त्यानंतरच्या रविवारी. त्यामुळे २०२३ साली डाळीच्या गोण्या महिन्याच्या सुरुवातीलाच उतरल्या. थोडी अधिक महिन्यातल्या धोंड्यांच्या पुरणात गेली, बाकीची पडून राहिली, आणि पडलेला माल दिसला म्हणून वरून आदेश आला, दुसऱ्या ब्रँचला फिरवा. फिरवली. मग कानबाई आली. दारात मात्र रेनकोट टांगलेले, कारण मांडणीचा नकाशाही वरूनच येतो. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा होता.

बरं, पुढच्या वर्षी तरी कळेल? नाही. जे विकलं त्याचं बिल होतं. जे मागितलं आणि मिळालं नाही, त्याचं काहीच होत नाही. रिकाम्या खोक्यासमोरून शंभर माणसं परत गेली तरी वरच्या कागदावर एवढंच उमटतं, की या आठवड्यात जळगावात डाळीला मागणी कमी होती. मग पुढची ऑर्डर आणखी कमी.

साहेब लोक येतात की. पण येणार हे आठ दिवस आधी कळतं. मग गोडाऊनमधलं सगळं बाहेर, फरशी दोनदा पुसलेली, मुलींना नवे टी-शर्ट. साहेब बघतात ते दुकान एरवी नसतंच. एरिया मॅनेजरला पंचांगाचं सगळं माहीत आहे, तो इथलाच, भुसावळचा. पण त्याच्याही डोक्यावर टार्गेट. साहेबांपुढे "सगळं ओके" म्हणण्यातच त्याचं भलं.

मी कॅश काउंटरवर एक वही ठेवलीय, मागितलं पण नव्हतं त्याची. महिन्याला फोटो पाठवतो. निळ्या टिका येतात.

तेव्हा पुढच्या वेळी माझ्यावर चिडा, हरकत नाही, पण बिलाच्या खाली जो कस्टमर केअरचा नंबर असतो ना, त्यावरही चिडा. तुमच्या तक्रारीला तिकीट नंबर मिळतो. आमच्या वहीला नाही.