तुरळक विषय

बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्या मुलीने पुढच्या वर्षी, कॉलेजात न बसता आणि क्लास न लावता, एकट्या गणिताचा पेपर कसा दिला, असे मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. विचारणारे बहुधा पालक असतात आणि आपल्या मुलाला हे जमेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. मुलाविषयी मी काय सांगणार. माझ्यापुरते जे घडले ते तेवढे सांगू शकते.

मी २०२० साली दहावी झाले, म्हणजे ज्या वर्षी भूगोलाचा पेपर टाळेबंदीत रद्द झाला त्या वर्षी. अकरावी उशिरा सुरू झाली आणि मोबाईलच्या पडद्यावर झाली. त्या पडद्यावर त्रिकोणमिती काही केल्या डोक्यात शिरेना, म्हणून मी गणित सोडले आणि जीवशास्त्र ठेवले. २०२२ मध्ये बारावीचा निकाल हातात आल्यावर मात्र मला आर्किटेक्चरला जायचे आहे हे पक्के झाले, आणि त्या पदवीच्या प्रवेशाला बारावीचे गणित लागतेच. अख्खी बारावी पुन्हा देण्याची गरज नसते, राहिलेला एकच विषय देता येतो, हे मला एका मैत्रिणीच्या वडिलांकडून कळले. कॉलेजच्या कार्यालयात अशा विद्यार्थ्याला ‘आयसोलेटेड’ म्हणतात, तर मंडळाच्या निवेदनात त्याचे वर्णन ‘तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारा विद्यार्थी’ असे असते. पाऊस तुरळक पडतो, गर्दी तुरळक असते. विषय तुरळक कसा होतो हे मला आजही उमगलेले नाही, पण त्या वर्षी माझ्याकडे दुसरा विषयच नसल्यामुळे तो शब्द मला उगाचच झोंबत असे.

अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरावा लागतो आणि तो दिवाळीच्या सुमारास भरला जातो, म्हणून मला जूनपासून काही महिने निवांत मिळाले. बालभारतीची गणिताची दोन पुस्तके आहेत, पहिल्या भागात ७ प्रकरणे आणि दुसऱ्यात ८. पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे, ज्याला मागचे काहीच लागत नाही. ते मी आठ दिवसांत संपवले आणि घरात ऐट मिरवली. पुढे मॅट्रिक्सनेही फारसे अडवले नाही. तिसरे प्रकरण त्रिकोणमितीचे, आणि तिथे गाडी रुतली, कारण ते अकरावीच्या पायावर उभे आहे आणि माझ्याकडे तो पायाच नव्हता. अकरावीचे गणित परीक्षेला नसते एवढे सगळे सांगतात. ते केल्याशिवाय बारावीचे होत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. अखेर अकरावीची पुस्तके आणून त्यातली त्रिकोणमिती, निश्चयक, सरळ रेषा, लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह एवढेच केले, बाकीचे सोडून दिले. त्यात अडीच महिने गेले. ज्याने अकरावीलाच गणित सोडले आहे त्याने हे अडीच महिने धरूनच वेळापत्रक आखावे.

एकट्याने शिकताना समजणे फार अवघड जात नाही. पुस्तकातले सोडवलेले उदाहरण दोन-तीनदा वाचले की समजते, नाहीतर मोबाईलवर कोणीतरी समजावणारे सापडते. अवघड असते ते आपले चुकले की नाही हे कळणे. वर्गात शेजारची वही दिसते, सर फळ्यावर पायऱ्या मांडतात. घरी फक्त पुस्तकाच्या शेवटची उत्तरे असतात आणि ती कधीकधी भलतीच चकवतात. ‘साइन एक्स गुणिले कॉस एक्स’ याचे इंटिग्रेशन मी केले आणि उत्तर आले ‘साइन वर्ग एक्स भागिले दोन’. एका ठिकाणी छापलेले उत्तर होते ‘उणे कॉस दोन एक्स भागिले चार’. मी दोन दिवस तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवत राहिले आणि दर वेळी माझे जुनेच उत्तर येत राहिले. तिसऱ्या दिवशी वैतागून मी दोन्ही उत्तरांचे डेरिव्हेटिव्ह काढले, म्हणजे इंटिग्रेशनची उलट क्रिया केली, तर दोन्हींतून मूळचे ‘साइन एक्स कॉस एक्स’च बाहेर आले. दोन्ही उत्तरांत फरक होता फक्त पाव एवढ्या स्थिरांकाचा, आणि इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे जो ‘अधिक सी’ लिहायचा असतो, तो याचसाठी असतो. तोवर मी तो सवयीने, काही वेळा विसरतही, लिहीत होते.

त्या दिवसापासून मी उत्तरे मागे उघडून बघणे सोडले. इंटिग्रेशन झाले की उलट डेरिव्हेटिव्ह काढून पाहायचे, मॅट्रिक्सचा व्यस्त काढला की मूळ मॅट्रिक्सने गुणून एकक मॅट्रिक्स येते का ते बघायचे, डिफरन्शिअल इक्वेशनचे उत्तर पुन्हा समीकरणात घालायचे. यात वेळ दुप्पट जातो, हे खरे. शक्यतेच्या प्रकरणांत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे प्रश्नाचा अर्थच चुकीचा लावला असेल तर गणित स्वतःहून काहीच बोलत नाही.

म्हणूनच ‘एकटीने केले’ हे पूर्ण खरे नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. महिन्यातून एकदा मी घड्याळ लावून पेपर सोडवायचे आणि त्यांच्याकडे न्यायचे. पहिल्याच पेपरात अंतिम उत्तर बरोबर असलेल्या चार गुणांच्या प्रश्नाला त्यांनी दोनच गुण दिले. मी तोंड वाकडे केल्यावर म्हणाले, “बाळ, तू हे तुझ्यासाठी सोडवलंस, तपासणाऱ्यासाठी नाही.” मधल्या तीन पायऱ्या मी मनातच केल्या होत्या. लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ ३ तास, आणि त्यातले पहिले २० गुण सोडले तर पुढचे सगळे पायऱ्यांवर मिळतात. शिकवण्यासाठी क्लास लागतोच असे मला वाटत नाही, पण वही तपासणारा एक माणूस ज्याला मिळणार नाही त्याने क्लास लावावा.

उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. त्यांच्याबद्दल कॉलेजच्या कार्यालयात मला आधी सांगण्यात आले की तुम्हाला ते लागू नाहीत, आणि जानेवारीत गणिताच्या मॅडम म्हणाल्या की जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकाची वही, कुठे आहे. आठ दिवसांत ते लिहून काढले. अर्ज भरायला जाल त्याच दिवशी थेट विषयशिक्षकांना गाठून हे विचारून घ्या.

पेपर ३ मार्च २०२३ रोजी होता. माझ्याहून एक वर्षाने लहान मुलांत बसून मी तो दिला, वेळेत संपवला, आणि बाहेर आले तर बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात त्याच पेपरची पाने आधीच मोबाईलवर फिरल्याची बातमी. फेरपरीक्षा होणार नाही असे मंडळाने स्पष्ट करेपर्यंत मी पुस्तके कपाटात ठेवली नव्हती. २५ मे रोजी निकाल लागला, ७१ गुण मिळाले. आईने गुणपत्रिका हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “बाकीचे विषय कुठे गेले गं?”