द्राक्षाच्या पॅकहाउसमधली बोट आणि तिच्या बॅटऱ्या

जूनच्या पहिल्या आठवड्यात दाजींचा फोन आला. "बोट वर आणतोय. पॅकहाउस रिकामंच आहे. तू फक्त बॅटरीचं बघ."

वर म्हणजे कसारा घाट चढून नाशिकला, मोहाडीकडच्या त्यांच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये. बोट एरवी मांडव्याला असते. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर काढावीच लागते, मग तिथे यार्डात ठेवण्यापेक्षा घरी आणून नीट कामं करून घेऊ, असा दाजींचा हिशोब. ट्रेलरचं भाडं कळल्यावर माझ्या बहिणीने दोन दिवस अबोला धरला, ती गोष्ट वेगळी. बोट सत्तावीस फुटी, जुनी, एका डिझेल इंजिनाची, आत चौघं झोपतील एवढं केबिन. दाजी तिला यॉट म्हणतात, गावातले लोक होडी म्हणतात, मी आपला बोट म्हणतो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांना पाणी घालण्यात निम्मी नोकरी गेली. बोटीत मात्र पाय ठेवायची ही पहिलीच वेळ, तीही क्रेट रचायच्या जागेत, शिडी लावून.

बॅटरी बदलायचं कारण डिसेंबरातलं. दाजी मित्रांबरोबर नांगर टाकून रात्रभर राहिले. फ्रिज चालू, गाणी चालू. सकाळी सेल्फ मारला तर नुसता टक् आवाज. शेवटी एका मच्छीमार बोटीने बांधून ओढत आणलं. तेव्हापासून "बॅटऱ्या बसल्या, नव्या टाकायच्या" हे दाजींचं पक्कं झालेलं. मी म्हटलं, नव्या टाकू, पण आधी जुन्या कशाने मेल्या ते बघू. नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा ट्रेलर.

इंजिनाच्या खणात तीन बॅटऱ्या निघाल्या. दोन ट्रकच्या आणि एक चक्क घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (जाड नळीदार प्लेटांची), तिन्ही समांतर जोडलेल्या. ट्युब्युलरची झाकणं उघडली तर सहापैकी चार सेलमध्ये प्लेटा उघड्या पडलेल्या. ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर बुडवायलाही ॲसिड नव्हतं. मग धक्क्यावर जोडायचा चार्जर काढून तपासला. जुना ट्रान्सफॉर्मरवाला, टप्पे वगैरे काही नाहीत, लावला की १४.९ व्होल्ट देत बसतो, दिवस असो की आठवडा. बॅटरी भरली तरी देतच राहतो. पाणी उकळून जाणार नाही तर काय होईल?

दुसरा गुन्हेगार सापडायला अख्खी दुपार गेली. बोटीतलं सगळं बंद केलं, बॅटरीच्या तारेत मीटर जोडला, तरी ०.६ अँपिअर जातच होते. एकेक फ्यूज काढत गेलो. आठवा फ्यूज काढला आणि काटा शून्यावर. तो स्टिरिओच्या ॲम्प्लिफायरचा होता. बटण बंद केलं तरी हा आतून जागाच. ०.६ अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण चोवीस तासांत साडेचौदा अँपिअर-तास होतात. आठवड्यात शंभर. मुरिंगवर, म्हणजे धक्क्यापासून दूर पाण्यात बांधून, पंधरा दिवस उभ्या बोटीची बॅटरी रिकामी करायला तेवढं पुरे. लेड-ॲसिड बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि ते घट्ट झालं की नंतर कितीही चार्ज करा, आत काही जात नाही. थोडक्यात, धक्क्यावर असली की उकळायची आणि मुरिंगवर असली की उपाशी.

आणि तिसरी चूक स्विचची. एक, दोन आणि दोन्ही असा गोल स्विच होता, तो 'दोन्ही'वर वर्षानुवर्षं गंजून बसलेला. त्यामुळे फ्रिजने इंजिनाची बॅटरीही खाल्ली.

इथे पुण्याहून भाचा आला, बहिणीचा धाकटा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीत बॅटरीच्याच विभागात आहे. आल्या आल्या त्याने निकाल दिला, "मामा, लिथियम आयर्न फॉस्फेट. यात विचार काय करायचा?"

मी म्हटलं, आधी खर्च किती आहे ते तरी मोजू दे. दोघांनी टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) घेऊन एकेक वस्तू चालू केली. फ्रिज ४.२ अँपिअर, पण तो साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाचे पन्नास अँपिअर-तास. एकटा फ्रिज! दिवे सगळे एलईडी, मिळून १.४. रेडिओ नुसता ऐकत असताना ०.४, बोलताना पाचच्या वर. नकाशाचा पडदा, पंखे, पाण्याची मोटर, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, सगळं धरून चोवीस तासांची बेरीज आली अठ्ठ्याऐंशी. नांगर ओढायचं विंडलास नव्वद अँपिअर घेतं, पण ते दोन मिनिटांचं काम आणि तेव्हा इंजिन चालू असतं, म्हणून बेरजेत धरलं नाही.

लेड-ॲसिडची अर्धीच ताकद वापरायची, तरच ती टिकते. म्हणजे अठ्ठ्याऐंशीसाठी दोनशे अँपिअर-तासांची बँक, एकत्र जोडलेल्या दोन शंभराच्या बॅटऱ्या. लिथियममध्ये तेच काम एका शंभराच्या बॅटरीत, थोडं काटोकाट पण होतं. वजन बारा-तेरा किलो विरुद्ध साठ. भाच्याचा मुद्दा अगदी खरा होता. शिवाय तो म्हणाला, अर्धी भरून पडून राहिली तरी लिथियमला काही होत नाही, उलट तिला तेच मानवतं. मुरिंगवर पडून राहणाऱ्या बोटीला आणखी काय हवं? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं कबूलही केलं.

माझी अडचण बॅटरीची नव्हती, तिच्या शेजारपाजारची होती. इंजिनावरचा अल्टरनेटर पंचावन्न अँपिअरचा. लेड-ॲसिड भरत आली की स्वतःच कमी करंट घेते. लिथियम शेवटपर्यंत जितका द्याल तितका ओढते. मंद चालणाऱ्या इंजिनावर तो अल्टरनेटर तासभर पूर्ण भार वाहिला तर भाजून निघणार. आणि चालू चार्जिंगमध्ये बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणाऱ्या सर्किटने, संरक्षणासाठी दार बंद केलं, तर व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड उडतात. त्यासाठी अल्टरनेटर आणि बॅटरीच्या मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. फ्यूजही साधा चालत नाही, शॉर्ट झाल्यावर हजारो अँपिअर तोडू शकणारा टी वर्गाचा लागतो. एकटी लिथियम बॅटरी दोन एजीएमपेक्षा (बंद, न सांडणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांपेक्षा) फार महाग नव्हती, पण हा सगळा लवाजमा धरला की खर्च दुपटीच्या पुढे जात होता.

मग मी त्याला विचारलं, "तुझ्या बॅटरीचं आयुष्य किती चक्रं? म्हणजे किती वेळा रिकामी करून भरता येते?" म्हणाला, "तीन हजार तरी धरा." दाजी वर्षाकाठी बोटीवर फार तर वीस रात्री काढतात. तीन हजार भागिले वीस, दीडशे वर्षं. "म्हणजे दाजींच्या पणतूला पुरेल," मी म्हटलं. तोही हसला. रोज बोटीवर राहणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून लिथियमच सांगितली असती. वीस रात्रींसाठी एजीएमची पाचशे चक्रंसुद्धा संपणार नाहीत, ती आधी वयानेच जाईल.

पाणी घालायची बॅटरी मात्र मी आधीच बाद केली होती. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बोट हेलकावली की ॲसिड सांडतं, आणि खारं पाणी त्या ॲसिडमध्ये गेलं तर क्लोरिन वायू होण्याचा धोका. शिवाय मला बॅटऱ्या इंजिनाच्या खणातून बाहेर काढायच्याच होत्या. तिथली उष्णता वाईट. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य अंदाजे निम्म्यावर येतं, हे फोर्कलिफ्टवाल्यांना पाठ असतं. (लिथियमलाही ते तापमान नकोच, पंचेचाळीसच्या वर तिला चार्जही करू नये.) केबिनमधल्या बाकाखाली जागा होती, आणि माणसं झोपतात त्याखाली ठेवायची तर बंद बॅटरीच हवी. एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, सांडत नाही. तरी खणाला हवा खेळायला भोकं ठेवलीच.

जागा बदलल्याचा एक फायदा अनपेक्षित होता. विंडलासची तार जाऊन-येऊन चौदा मीटर होती, ती आठ झाली. ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेत नव्वद अँपिअरला आधी ०.६३ व्होल्ट वाटेतच गळायचे, आता ०.३६. दाजी दरवर्षी विंडलासची मोटर दमली म्हणून तक्रार करायचे.

आता खरेदी. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलो, तर मालकाने हातगाडीवरची दीडशेची ट्युब्युलर थोपटली. "काका, ही घेऊन जा. बोट असो नाहीतर बंगला, करंट तो करंटच." दीडशे हा आकडा वीस तासांत हळूहळू काढायचा असतो, ताशी साडेसात अँपिअरने. भराभर ओढलं तर तेवढे मिळत नाहीत. आणि इंजिनाच्या सेल्फला क्षणभर शेकडो अँपिअर लागतात, त्याला पातळ आणि पुष्कळ प्लेटांची बॅटरी हवी. ट्युब्युलरची रचना सावकाश चालायची. हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दुकानात हवी ती एजीएम मिळाली, डीप सायकल (पुन्हापुन्हा बरीच उतरवून भरता येणारी), शंभराची, तीस-एक किलोची. घरी आणून मीटर लावला. एक १२.८४, दुसरी १२.४२. नवी भरलेली एजीएम १२.८ च्या आसपास हवी. चष्मा लावून अंगावरचा कोड वाचला तर दुसरी नऊ महिने आधी बनलेली, दुकानात पडून उतरलेली. समांतर जोडायच्या दोन बॅटऱ्या एका वयाच्या, शक्यतो एका लॉटच्या हव्यात. नाहीतर कच्ची पक्कीलाही ओढते. दुकानदार म्हणाला, "चार्ज केली की होईल सारखी." मी मीटर काउंटरवर ठेवला आणि काही न बोलता उभा राहिलो. पाच मिनिटांनी गोदामातून जोडीची दुसरी आली. तुम्हीही कधी बॅटरी घ्यायला गेलात तर मीटर खिशात घेऊनच जा, आणि तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिनासाठी वेगळी, साधी स्टार्टरची मेंटेनन्स-फ्री घेतली. गोल स्विच काढून टाकला. दोन्ही बँकांच्या मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही जोडतो, १२.८ खाली आलं की तोडतो. आता फ्रिजने रात्रभर काहीही केलं तरी सेल्फची बॅटरी शाबूत. चार्जर तीन टप्प्यांचा, आधी जोरात, मग १४.४ वर धरून, शेवटी १३.५ वर तरंगत. त्याला तापमानाची तार आहे, दहा अंश उष्णता वाढली की तो ०.२ व्होल्ट कमी करतो. आणि भाच्याच्या अर्ध्या चार्जच्या मुद्द्याची भरपाई म्हणून छतावर पन्नास वॅटचं सोलर पॅनल. दिवसाला दहा-एक अँपिअर-तास येतात. मुरिंगवर बॅटरी भरलेली राहायला पुरतात. ॲम्प्लिफायर मुख्य स्विचच्या मागे घेतला. बिल्ज पंप उलट स्विचच्या पुढे, थेट बॅटरीवर, स्वतंत्र फ्यूजसह. बोट एकटी असतानाच तर तो लागतो.

फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत हवा, असं अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात आहे, ते भाच्याने शोधून काढलं. मी एक फुटावर बसवला होता. काढून पुन्हा बसवला.

जोडणीच्या दिवशी भाच्याच्या हातात जाड पोलादी कडं होतं. मी आधी ते काढून घेतलं. बॅटरीच्या दोन टोकांवर धातू आडवा पडला तर हात भाजतो नाही, शिजतो. पान्याला मुठीपासून टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळली, फक्त जबडा उघडा. आधी धन, शेवटी ऋण. तारांच्या टोकांना लग दाबून क्रिम्प केले, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली, तारा कथिल चढवलेल्या घेतल्या, खाऱ्या हवेत नुसतं तांबं आतून हिरवं पडतं.

परीक्षा घ्यायला दाजींच्या ट्रॅक्टरचे दोन हेडलाइट सोडवून आणले. दोन्ही मिळून साधारण दहा अँपिअर, म्हणजे दोनशेच्या बँकेला वीस तासांचा बरोबर दर. रात्री आठला लावले, भिंतीकडे तोंड करून. पॅकहाउस असं उजळलं की शेजारचे अण्णा काठी घेऊन बघायला आले. पहाटे सहाला बंद केले, चार तास बॅटरी शांत ठेवली आणि मीटर लावला. १२.३१. अर्धी भरलेली एजीएम जिथे असायला हवी तिथेच. मग इंजिनाला पाण्याचा पाइप जोडला, दाजींनी सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात चालू.

जुन्या तिन्ही बॅटऱ्या दुकानदाराने काट्यावर तोलून बिलातून वजा केल्या. हेडलाइट परत बसवायचे राहिले, ते गोडी छाटणीच्या तोंडावर ट्रॅक्टर रात्री निघाला तेव्हा दाजींना आठवले.

ऑक्टोबरात रविवारी सकाळी मांडव्याहून फोन. "रात्रभर फ्रिज चालला, सकाळी एका सेल्फमध्ये इंजिन चालू! आता इन्व्हर्टर लावून विजेची किटली चालेल ना रे?"

दीड हजार वॅटची किटली, बारा व्होल्टवर, इन्व्हर्टरची गळती धरून, जवळजवळ एकशे चाळीस अँपिअर. मी म्हटलं, "दाजी, चहा गॅसवरच करा."