‘देअरइन’ म्हणजे त्यात, पण कशात?

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने पुण्यात भाड्याने घर घेतले आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा इंग्रजी मसुदा सही करण्याआधी मला वाचायला दिला. कागदपत्रांच्या भाषांतराचे काम मी बरीच वर्षे करत असल्यामुळे आमच्या घरात असे कागद आपोआप माझ्याकडे येतात. एका कलमाखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते, “मामा, देअरइन म्हणजे ‘तिकडे आत’ का?”

ते कलम असे होते: ‘द लायसन्सी शॅल मेन्टेन द फ्लॅट ऑन द थर्ड फ्लोअर ऑफ द बिल्डिंग अँड द फिटिंग्ज देअरइन.’ तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि ‘त्यातील’ दिवे, नळ, पंखे वगैरे जोडण्या यांची देखभाल भाडेकरूने करायची, एवढाच त्याचा अर्थ. तिचा गोंधळ मात्र चुकीचा नव्हता, कारण ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ हेच आपण शाळेपासून शिकलेलो असतो. ‘देअरइन’, ‘देअरऑफ’, ‘हिअरबाय’, ‘व्हेअरबाय’ या शब्दांतले पहिले पद दिसायला स्थळाचे क्रियाविशेषण असले, तरी काम सर्वनामाचे करते. ‘हिअर’ म्हणजे ‘हे’, ‘देअर’ म्हणजे ‘ते’ आणि ‘व्हेअर’ म्हणजे ‘जे’ किंवा ‘काय’ असे धरले, की सगळी रांग सरळ उलगडते: त्यात, त्याचा, याद्वारे, ज्याद्वारे. एरवी इंग्रजी ज्या ‘इन’ला नामाच्या आधी बसवते, तोच ‘इन’ इथे मागे येऊन बसतो, म्हणजे आपल्या विभक्तिप्रत्ययाच्या किंवा शब्दयोगी अव्ययाच्या जागी. म्हणूनच ‘इन इट’पेक्षा ‘देअरइन’ मराठी माणसाला अधिक जवळचे वाटायला हवे, पण शाळेत हे कोणी सांगत नाही.

ही काही वकिलांनी काढलेली टूम नव्हे. जुन्या इंग्रजीपासून हे शब्द रोजच्या वापरात होते. १६११ सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘त्याची लांबी’ म्हणायचे असेल तर ‘द लेंग्थ देअरऑफ’ असे येते, कारण ‘इट्स’ हे रूप तेव्हा नुकतेच रुळू लागले होते आणि भाषांतरकारांनी ते जवळजवळ टाळलेच. पुढे बोलण्यातून ही रांग हटली आणि कायद्याच्या भाषेत मुक्कामाला राहिली. ‘देअरफोर’ तेवढा सर्वांच्या तोंडी उरला. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या दहाव्या कलमात ‘हिअरबाय’ आणि ‘हिअरइन’ हे दोन्ही शब्द अवघ्या काही ओळींत भेटतात, आणि तिथला ‘हिअर’ म्हणजे कुठलीही जागा नसून तो अधिनियमच आहे.

या शब्दांची एक अट आहे: ते वस्तूंबद्दल बोलतात, माणसांबद्दल नाही. ‘देअरबाय’ म्हणजे ‘त्या व्यक्तीकडून’ असे कधीच होत नाही. जर्मन भाषेने ही अट आजच्या बोलण्यातही पाळली आहे. वस्तूसाठी ‘दामिट’ (त्यासह) आणि माणसासाठी ‘मिट ईम’ (त्याच्यासह). यात परके असे काहीच नाही, कारण आपणही ‘त्यामुळे उशीर झाला’ आणि ‘त्याच्यामुळे उशीर झाला’ यांत नेमका हाच भेद करतो. पहिल्या वाक्यात कारण सांगितले जाते, दुसऱ्यात माणूस पकडला जातो. बोलताना ‘त्याच्यावर’ वस्तूलाही चालून जाते, पण नुसते ‘त्यावर’ माणसाला चालत नाही. ‘माझा त्यावर विश्वास आहे’ असे म्हटले, तर तो विश्वास माणसावर नसून त्याच्या एखाद्या विधानावर आहे, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते.

सर्वनाम, क्रियाविशेषण आणि नामाआधीचे अव्यय यांची एकाच वाक्यात झालेली सर्वांत देखणी गुंफण मला आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत दिसते. ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ हा आरंभ म्हणजे सर्वनाम आणि त्याला लगेच चिकटलेली ओळख. क्रियापद येते ते पार शेवटी, आणि तेही ‘डू हिअरबाय अ‍ॅडॉप्ट’ असे, म्हणजे ‘डू’ आणि ‘अ‍ॅडॉप्ट’ यांच्या मधोमध ‘हिअरबाय’ला उभे करून. मराठी पाठात त्याचे ‘याद्वारे’ झाले, ‘टू अवरसेल्व्ज’चे ‘स्वतःप्रत’ आणि ‘अमंग देम ऑल’चे ‘त्या सर्वांमध्ये’. भाषांतरकाराची खरी कसोटी मात्र पहिल्याच शब्दाला लागली असणार. ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’ की ‘आपण’, हे इंग्रजी सांगत नाही. ‘आपण’ म्हटले तर ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले तर बोलणारे एका बाजूला आणि ऐकणारा दुसऱ्या बाजूला राहतो. मराठी पाठाने ‘आम्ही’ निवडले, आणि ते मला योग्य वाटते, कारण ही घोषणा आहे आणि घोषणा करणाऱ्याला समोर कोणीतरी लागते.

राजपत्रातल्या अधिसूचनांत ‘व्हेअरअ‍ॅज’चे ‘ज्याअर्थी’ आणि ‘नाऊ, देअरफोर’चे ‘त्याअर्थी, आता’ होते, ते तर मुळाहून सुबक आहे. इंग्रजीत ‘व्हेअर’ आणि ‘देअर’ यांची जोडी वाचणाऱ्याने शोधायची असते. मराठीत ‘ज्या’ आला की कान ‘त्या’ची वाट पाहू लागतात.

परंतु भाचीच्या कलमात अडचण वेगळीच निघाली. घरमालकांचे म्हणणे होते की जिन्यातले दिवेही ‘फिटिंग्ज देअरइन’मध्ये येतात, कारण वाक्यात ‘फिटिंग्ज देअरइन’च्या आधी सर्वांत जवळचे नाम ‘बिल्डिंग’ आहे. ‘ऑन द थर्ड फ्लोअर’, ‘ऑफ द बिल्डिंग’ अशी अव्ययांची माळ लागली, की मागून येणारे ‘देअरइन’ त्यांपैकी नेमके कोणाकडे बोट दाखवते, हे व्याकरण ठरवून देत नाही. ‘देअर’ला लिंग नाही, वचनही नाही. मराठीत ही पळवाट उरत नाही. फ्लॅट पुल्लिंगी म्हणून ‘त्यातील’, इमारत स्त्रीलिंगी म्हणून ‘तीमधील’. भाषांतर करणाऱ्याला मूळ लेखकाने न घेतलेला निर्णय घ्यावाच लागतो. (फ्लॅटला ‘सदनिका’ म्हटले की दोन्ही स्त्रीलिंगी होतात आणि ही सोय हातची जाते, म्हणून अशा मसुद्यात मी ‘फ्लॅट’च ठेवतो.)

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तेव्हा एकदा नोंदला गेलेला शब्द पुढे वादात उभा राहणारच. मी भाचीला ‘देअरइन’ खोडून ‘इन द सेड फ्लॅट’ असे लिहून घ्यायला सांगितले. मालक सुरुवातीला कुरकुरले, मग वकिलांशी बोलून तयार झाले, आणि जिन्यातल्या दिव्यांचा प्रश्न सोसायटीच्या पुढच्या बैठकीवर गेला.