आरक्षणाखाली अडकलेली जमीन आणि कलम १२७

सरकार रीतसर भूसंपादन करते तेव्हा मालकाच्या हाती निदान कागद पडतात. नोटीस येते, मोजणी होते, निवाडा जाहीर होतो आणि मोबदला अपुरा वाटला तर दाद मागता येते. पण विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर रंग भरून ‘क्रीडांगण’ किंवा ‘प्राथमिक शाळा’ असे लिहिले गेले, म्हणजे ती जमीन त्या कामासाठी आरक्षित झाली, की सातबारा मालकाच्या नावावर राहतो, करही तोच भरतो, आणि तरीही तेथे त्याला बांधकाम परवानगी मिळत नाही, रास्त भावाने गिऱ्हाईक मिळत नाही आणि बँक ती जमीन तारण घ्यायला तयार होत नाही. जमीन न घेताच ती मालकाच्या उपयोगातून काढून घेण्याचा हा प्रकार मला प्रत्यक्ष संपादनापेक्षा अधिक अन्यायकारक वाटतो, कारण त्यात मोबदल्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ करणाऱ्यांना हा धोका दिसला होता, म्हणूनच त्यात कलम १२७ आले. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन करारानेही घेतली गेली नाही आणि संपादनाची अधिघोषणाही, म्हणजे जमीन घेत असल्याची अधिकृत घोषणाही, राजपत्रात आली नाही, तर मालकाने हक्काच्या कागदपत्रांसह नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे सहसा नगरपालिकेवर किंवा महानगरपालिकेवर, सूचना म्हणजे नोटीस बजावायची. व्यवहारात तिला सर्रास ‘खरेदी सूचना’ म्हणतात. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले, असे मानले जाते आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तो या जमिनीलाही मिळतो.

सगळा वाद झाला तो ‘पावले’ कशाला म्हणायचे यावर. सूचना आली की नगरपालिका सभेत ठराव करायची, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा शासनाकडे प्रस्ताव धाडायची आणि आम्ही पाऊल उचलले असे न्यायालयात सांगायची. प्रस्ताव मग वर्षानुवर्षे धूळ खात पडला तरी आरक्षण कायम राहायचे. ‘गिरनार ट्रेडर्स’ प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही पळवाट बंद केली. नुसता ठराव किंवा प्रस्ताव म्हणजे पाऊल नव्हे, ज्या कृतीने संपादनाची प्रक्रिया खरोखर सुरू होते, म्हणजे कलम १२६ खालील अधिघोषणा राजपत्रात प्रसिद्ध होते, तीच कृती कायद्याला अभिप्रेत आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच अर्थ कायम केला. नगररचनेच्या क्षेत्रात सामान्य मालकाला याहून मोठा आधार मिळाल्याचे मला आठवत नाही.

विधिमंडळाने मात्र दरम्यान मुदतच लांबवत नेली. मूळ कायद्यात सूचनेनंतरचे ६ महिने होते, त्याचे २००९ च्या दुरुस्तीने १२ आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने झाले. ज्या यंत्रणेला १० वर्षे पुरली नाहीत तिला आणखी दोन वर्षे देताना, त्या काळात जमीन अडकून पडलेल्या मालकाला काही भरपाई द्यावी, असे विधिमंडळाला वाटले नाही.

आरक्षणे उठली तर शहरातील मोकळ्या जागा बिल्डरांच्या घशात जातील, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. उद्याने आणि शाळा हव्याच आहेत. परंतु त्या अवघ्या गावासाठी हव्या असतील तर त्यांची किंमतही अवघ्या गावाने द्यायला हवी. नकाशात ज्याचा गट क्रमांक सापडला त्या एकाच कुटुंबाने ती मुकाट्याने का सोसावी? पैसे नसतील तर विकास हक्क हस्तांतरण म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, वाटाघाटीने जमीन घेण्याची सोय त्याच कायद्यात आहे.

मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला, तरी अनुच्छेद ३००-क नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. हा ‘कायद्याचा आधार’ म्हणजे काय, हे कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर सांगितले: मालकाला नोटीस, त्याचे म्हणणे ऐकून घेणे, कारणांसह निर्णय, खरा सार्वजनिक हेतू, रास्त मोबदला, वेळेत आणि कार्यक्षमतेने चालणारी प्रक्रिया आणि शेवटी तिची रीतसर पूर्तता. यातला वेळेचा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच, ३३ वर्षे आरक्षणाखाली राहिलेल्या भूखंडाच्या प्रकरणात न्यायालयाने मालकांना असे वर्षानुवर्षे अडकवून ठेवता येणार नाही, हे पुन्हा बजावले.

माझ्या आत्यांची तालुक्याच्या गावी क्रीडांगणासाठी आरक्षित असलेली जमीन आहे, म्हणून या विषयाचे व्यावहारिक अंग मला जवळून पाहायला मिळाले. त्यांची पहिली सूचना केवळ वारसनोंदीचा फेरफार सोबत नव्हता म्हणून अपुरी ठरवण्यात आली. दुसऱ्या वेळी सातबारा, सर्व फेरफार, मोजणी नकाशा, आराखड्यात जमीन कशासाठी दाखवली आहे हे सांगणारा झोन दाखला आणि आराखड्यातील तेवढ्या भागाचा नकाशा असा संच जोडला, रजिस्टर पोस्टाने एक प्रत पाठवली आणि दुसरी स्वतः देऊन तिच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतला. मुदत सूचना बजावल्याच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे त्या शिक्क्यावरची तारीख स्पष्ट वाचता येते की नाही हे तेथेच पाहून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट ज्यांची जमीन अशी अडकली आहे त्यांनी ध्यानात ठेवायला हवी. सूचना न देता थांबून राहिले आणि मध्येच सुधारित आराखडा मंजूर होऊन त्यात तेच आरक्षण पुन्हा आले, तर १० वर्षे नव्याने मोजली जातात. पुण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला आहे. म्हणून आपल्या शहराचा आराखडा कधी अमलात आला आणि त्याच्या सुधारणेचा इरादा जाहीर झाला आहे का, ही चौकशी नगररचना विभागात आधी करावी, आणि १० वर्षे उलटली असतील तर सूचना देण्यास विलंब लावू नये.